दहाव्याचा खो

पाळदे सर गेले आणि जिवंतपणी कधी नव्हते इतके ते पुढच्या दहा दिवसांत गुणी झाले.

दारात येणारा प्रत्येक जण चपला काढता काढता सरांचा एकेक गुण आठवायचा आणि आत येऊन सिंधुबाईंच्या पदरात टाकायचा. सर म्हणजे देवमाणूस. सर म्हणजे गरीब गाय. सरांनी जन्मात कुणाला दुखावलं नाही. हे शेवटचं ऐकलं तेव्हा सिंधुबाईंना हसू आवरेना. त्यांनी डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून घेतला. समोरच्या बाईला वाटलं, हुंदका आला. ती बिचारी आणखीच रडली.

दुखावलं नाही म्हणे! देवळाली कॅम्पातल्या शाळेत गोरक्ष पाळद्यांनी तीस-बत्तीस वर्षं भूगोल शिकवला आणि पोरींना खो-खो खेळायला लावलं. तेवढ्या वर्षांत ज्या उंबऱ्यावर ते भांडले नाहीत असा उंबरा आसपास सापडायचा नाही. एखादी पोरगी चांगली पळते असं दिसलं की त्याच संध्याकाळी हे तिच्या घरी हजर. "तुमची पोरगी मला द्या, अंधार पडायच्या आत परत आणून देतो." घरातली बाई रीतीप्रमाणे चहा ठेवायची. सर कप समोर ठेवून बसायचे, पण पोरीचा बाप हो म्हणेपर्यंत ओठाला लावायचे नाहीत. चहावर साय धरायची. बापाची कामावर जायची वेळ व्हायची. दारात आलेला मास्तर चहाविना उठला असं गल्लीत व्हायला नको, म्हणून शेवटी माणसं हात जोडायची. "घेऊन जा बाबा पोरगी, पण तेवढा चहा प्या!"

एकदा तर संस्थेच्या एका संचालकाने आपल्या लेकीच्या लग्नाचा मांडव शाळेच्या मैदानात घालायचं ठरवलं. बांबूंनी भरलेला टेम्पो फाटकाशी आला, तशी सरांनी शिट्टी मारली आणि पोरींना मैदानात ओळीने बसवलं, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. "सराव चालू हाय," सर म्हणाले, "संपला की सांगतो." सराव दिवेलागणीपर्यंत संपला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पुन्हा सुरू झाला. लग्न शेवटी लॉन्सवर लागलं आणि पाळदे सरांना पत्रिका आली नाही. त्याचं त्यांना काडीचं वाईट वाटलं नाही.

हे सगळं सिंधुबाईंना ऐकून ठाऊक. नवऱ्याला त्याही इतरांसारखं 'सर'च म्हणायच्या, आणि इतका संसार करून त्यांनी सरांचा एकही सामना पाहिला नव्हता. कुणी नको म्हटलं नव्हतं. पण संध्याकाळी मैदान आणि संध्याकाळीच चूल, दोन्हीकडे एका वेळी कोण असणार? सर गुडघ्यापर्यंत मातीने माखून यायचे, तोवर कालवण दोनदा गरम करून झालेलं असायचं. नवऱ्याची वाट बघणं हे सिंधुबाई न शिकवता शिकल्या आणि त्यात त्यांचा पहिला नंबर कधी चुकला नाही.

घरात खो-खो यायचा तो निराळ्या वाटेने. सर पोरांना हाका मारून उठवत नसत. झोपलेल्या पोराच्या पाठीवर मागून पंजा टेकवायचा आणि एकच शब्द बोलायचा, "खो!" खेळाचा नियमच तसा. ओळीत बसलेल्या खेळाडूने आपल्या मनाने उठायचं नाही. उठलं की फाऊल. पण पाठीला हात लागला आणि खो ऐकू आला, की मग विचार करत बसायचं नाही, सुटायचं. थोरला मनोज या पंजाला कधीच बधला नाही. तो कूस बदलायचा. धाकटी तेजस्विनी मात्र शब्द पुरा व्हायच्या आत दारात उभी. आणि पुढे मनोजची मुलगी वेदिका, ती तर आत्याच्या वरताण निघाली.

पडवीच्या पत्र्याला आधार म्हणून एक लोखंडी खांब होता. आधी तेजस्विनी आणि मग वेदिका, दोघीही खांबाला हात घालून गिरकी मारायला तिथेच शिकल्या. कमरेच्या उंचीवर खांबाचा रंग पार उडून लोखंड चकचकीत झालं होतं. सर खुर्चीत बसून ओरडायचे, "पाय बघू नको, खांदा बघ! पाठलाग करणारीचा खांदा!" एकदा खांदा वळला की तिला फिरून मागे येता येत नाही, हाही खेळाचाच नियम. सर तो सगळ्या जगाला लावायचे. माणूस तोंडाने काहीही बोलतो, ते म्हणायचे, तो जाणार कुठे हे खांद्यावरून कळतं.

तर सर जाऊन आठवडा झाला असेल नसेल, हर्षाली घरी आली. ही सरांचीच विद्यार्थिनी, अशीच चहा गार करून मिळवलेली, आणि सर निवृत्त झाल्यावर त्याच शाळेत त्यांच्याच जागेवर लागलेली. ती सतरंजीच्या टोकाला बसून बोटं मोडत राहिली.

"काकू, विभागाची स्पर्धा आलीय," ती शेवटी म्हणाली. "पंचवटीत आहे. शेवटचा सामना नेमका दहाव्याच्या दिवशी, सकाळी. जिंकलो तर मुली राज्याला जातील. वेदिकाचं नाव यादीत आहे, मी ते काढलेलं नाही. बाकी तुमच्या घरातलं तुम्ही बघा."

उत्तर कॉटवरून आलं. तिथे लहानूतात्या बसले होते, सरांचे थोरले भाऊ. नाव लहानू, पण पाळद्यांच्या घराण्यात आता त्यांच्याहून मोठं कुणी उरलं नव्हतं. बाप लवकर गेला तेव्हा त्यांनी धाकट्या गोरक्षला कडेवर वागवून वाढवलं होतं. साऱ्या कॅम्पाशी भांडणारे सर तात्यांच्या शब्दापुढे मात्र कधी गेले नव्हते.

"काढून टाक नाव," तात्या म्हणाले. "घरात सुतक हाय. सख्खा आजा गेलाय तिचा. दहाव्याला तिकडं त्याचा पिंड मांडायचा, अन् इकडं नात चड्डी घालून पळतीय, हे दाखवायचं का गावाला? लोक काय म्हणतील?"

मनोज पंख्याकडे बघत राहिला. बाप गेल्यापासून त्याने त्या पंख्याकडे इतकं पाहिलं होतं की पंखाच अवघडला असेल. वेदिका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ऐकलं आणि मान खाली घातली. खाली घातलेल्या मानेनेच ती आत गेली.

"तात्या बरोबर बोलतायत," तेजस्विनी म्हणाली. इंदिरानगरहून ती पहिल्याच दिवशी आली होती आणि आईजवळ राहिली होती. "नको जाऊस गं, वेदू. आपल्या घरात असंच असतं." हे ती आत बघत हसून म्हणाली, आणि ते हसणं सिंधुबाईंच्या काळजाला लागलं.

हर्षालीने समोरचा चहा तसाच ठेवला होता. सिंधुबाईंना तो दिसला, आणि ही खोड कुणाची हेही कळलं. सायीखालचा चहा 'हो' ऐकायला थांबला होता. पण थोरल्या दिरासमोर त्या उभ्या जन्मात मोठ्याने बोलल्या नव्हत्या. हर्षाली गेल्यावर त्यांनी कप उचलला आणि मोरीत ओतला. रिकामा कप त्यांनी जरा जोरातच आपटला. आपल्याला राग आलाय हे त्यांना जरा उशिरा समजलं.

कारण हे सगळं या घरात एकदा होऊन गेलं होतं. पंचवीसेक वर्षांपूर्वी सरांची आई गेली. तेव्हाही असंच सुतक, असाच दिवाणखाना, याच कॉटवर हेच लहानूतात्या. तेजस्विनीचा दुसऱ्या दिवशी सामना होता. राज्याच्या संघात कोण जाणार ते त्या सामन्यावर ठरायचं होतं आणि ती जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. पिशवी भरून ती पडवीत उभी होती. तात्या म्हणाले, लोक काय म्हणतील. सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. हेच ते टेम्पो अडवणारे सर, उंबऱ्या-उंबऱ्यावर दुसऱ्यांच्या लेकींसाठी भांडणारे सर. त्यांनी भावाकडे पाहिलं, मग फरशीकडे, आणि म्हणाले, "बस, तेजू. नको जाऊस."

तेजस्विनी बसली. ती पुन्हा कधी मैदानावर गेली नाही. तिचं शिक्षण झालं, ती बँकेत लागली, लग्न झालं, सगळं नीट झालं. बापलेकीत भांडणही झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, एका दिवाळीला मिटलं असतं. सर दर दिवाळीला घराला रंग द्यायचे, पण खांबावरची ती झिजलेली जागा रंगवू द्यायचे नाहीत. "तेवढं राहू द्या," रंगाऱ्याला म्हणायचे. का, ते कधी बोलले नाहीत आणि सिंधुबाईंनी कधी विचारलं नाही.

नवव्या दिवशी संध्याकाळी पडवीतून घसटल्यासारखा आवाज आला. सिंधुबाईंनी डोकावून पाहिलं. वेदिका अनवाणी खांबाभोवती गिरक्या मारत होती. हात खांबाला, अंग बाहेर झोकलेलं, पुन्हा आत. आजी दिसली तशी ती थांबली आणि खांबाला पाठ लावून गुपचूप उभी राहिली.

"जायचं हाय का तुला?" सिंधुबाईंनी विचारलं.

"नाही," वेदिका म्हणाली. "घरात सुतक आहे ना."

तोंडाने नाही म्हणाली, आणि खांदा फाटकाकडे वळलेला. सिंधुबाई खेळातलं काही शिकल्या नव्हत्या, पण चाळीस वर्षं एक वाक्य कानावर पडलं की दगडालाही कळतं. त्या आत वळल्या. चौकटीत तेजस्विनी उभी होती. तिनेही पाहिलं होतं. ती नुसती बाजूला झाली.

दहाव्याला सकाळी दोन गाड्या भरून माणसं पंचवटीत आली. कुंभमेळा जवळ आल्याने सगळीकडे खोदून ठेवलेलं. गाड्या लांब लावून भाजीवाल्यांच्या टोपल्या ओलांडत मंडळी रामकुंडावर पोचली. मनोजने मुंडण केलं. ढुंढिराजगुरुजींनी विधी केले, पिंड मांडले. बायका घाटाच्या पायऱ्यांवर ओळीने बसल्या, नदीकडे तोंड करून. वेदिका त्या ओळीत होती, पांढऱ्या पंजाबी ड्रेसमध्ये, गुडघे पोटाशी घेतलेले. सगळे कावळ्याची वाट बघू लागले.

आमच्याकडे दहाव्याला माइक लागतोच. पिंड समोर ठेवला तरी कावळा येईल याची खात्री नसते, पण माइक ठेवला की पुढारी हमखास येतो. त्या दिवशी चार आले. पहिला म्हणाला, सर कधी कुणाला घाबरले नाहीत. दुसऱ्यालाही तेच आठवलं. तिसऱ्याने टेम्पोची गोष्ट सांगितली आणि त्यात स्वतःला फाटकाशी उभं केलं. चौथा तर ज्याचा मांडव सरांनी उठवला त्या संचालकाचा पुतण्या. तोही म्हणाला, असा निर्भय माणूस पुन्हा होणे नाही.

कावळे समोरच्या कठड्यावर बसून ऐकत होते. पिंडाकडे एकही फिरकला नाही.

मग रीतीप्रमाणे बोलणी सुरू झाली. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही, म्हणून प्रत्येकाने काही ना काही कबूल करायचं. "आईला सांभाळीन, पप्पा," मनोज म्हणाला. कावळा आला नाही. "शाळेच्या फाटकाला सरांचं नाव देऊ," पुतण्या म्हणाला. एक कावळा उडाला आणि आणखी लांब जाऊन बसला. उन्हं चढत होती. वेदिकाचे डोळे पिंडावर होते, पण दर थोड्या वेळाने ती शेजारणीच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती. सामना सुरू झाला असणार. मैदान तिथून रिक्षाच्या एका फेरीवर होतं.

शेवटी लहानूतात्या काठी टेकत पुढे झाले. त्यांनी हात जोडले. म्हातारा खरंच रडत होता. धाकट्या भावावर त्यांचा जीव होता, यात खोट काढायला जागा नाही.

"गोरक्षा," ते म्हणाले, "तुझी नात इथंच हाय. नाय गेली खेळायला. घराची अब्रू राखली तिनं. आता जीव घुटमळू देऊ नको बाबा. शिव."

सिंधुबाई उठल्या.

त्या उठल्या तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. विधवा बाई आहे, नमस्कार करायला जाते आहे, असंच सगळ्यांना वाटलं. त्या सरळ माइकपाशी गेल्या. माइकवाल्याने तो बंद करायला हात घातला होता. त्यांनी त्याच्या मनगटावर चापट मारली.

"सर कुणाला घाबरले नाय, असं सगळे सांगताय," त्या म्हणाल्या. आवाज सगळ्या घाटावर गेला, तशा त्या क्षणभर दचकल्या, आणि मग त्यांना तो आवाज आवडला. "एकदा घाबरले होते. मी होते तिथं. ही माझी लेक, तेजू. हिची उद्या राज्याला निवड व्हायची, अन् आज हिला घरात बसवलं. सासूबाईंचं सुतक होतं. लोक काय म्हणतील म्हणून बसवलं. अन् सांगू? लोक काहीच म्हणाले नाय. पंचवीस वर्षं झाली, एका माणसानं येऊन विचारलं नाय, की बाई, तुमची पोरगी का गेली नाय? ज्यांच्या भ्यानं बसवलं त्यांना पत्ताबी नव्हता!"

"सिंधुबाई!" तात्या म्हणाले.

"बोलू द्या तात्या. तुमचा मान घरात जिथल्या तिथं हाय, तो मी हलवला नाय." त्यांनी पदर खोचला. "लय मोठा माणूस होता माझा. वाघ होता. पण त्या एका दिवशी चुकला, अन् ते त्यांना मरेपर्यंत खात होतं. खांबाला रंग लावू द्यायचे नाय ते. दहा दिस तुम्ही त्यांना देव करून राहिले. देव करून तुम्ही त्यांची चूक पुसताय, अन् इकडं तीच पुन्हा करताय. नाय करू देणार मी."

त्या माइक सोडून पायऱ्या चढू लागल्या. बायकांच्या ओळीमागून, एकेक पाठ मागे टाकत, त्या वेदिकाच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. वेदिकाने वळून पाहिलं नाही. ओळीत बसलेल्याने वळून बघायचं नसतं. सिंधुबाईंनी वाकून तिच्या पाठीवर पंजा टेकवला, अगदी सर टेकवायचे तसा, आणि जोरात म्हणाल्या,

"खो!"

पोरगी विचार करून उठली नाही. ती उठलेलीच होती. तीन पायऱ्या वर गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण घाटावर आहोत, मागे आजोबांचा पिंड आहे आणि सगळं गाव आपल्याकडे बघतंय. ती थबकली.

"थांबली का?" सिंधुबाई ओरडल्या. "पळ!"

एकच गलका झाला. तात्यांची काठी हातातून सुटली. "अजून शिवला नाय कावळा! पिंड असा टाकून चाललीस? गुरुजी, तुम्ही सांगा हिला शास्त्र काय हाय ते!"

ढुंढिराजगुरुजींनी तोंड उघडलं. सिंधुबाईंनी त्यांना हात जोडले.

"गुरुजी, तुम्ही काही सांगू नका. नाय म्हणालात तरी ती जाणारच हाय. अन् हो म्हणालात, तर ती तुमच्या परवानगीनं गेली असं होईल. आज कुणाच्या परवानगीनं जायचं नाय तिला."

गुरुजींनी तोंड मिटलं आणि ते दर्भ नीट करू लागले. पंचवटीत जन्म गेलेला माणूस. कोणती बाई केव्हा ऐकणार नाही हे त्यांना कळत होतं.

"अन् कावळ्याचं म्हणाल तात्या," जाता जाता सिंधुबाई वळल्या, "त्यांना शिवायचं तेव्हा शिवतील. रोज संध्याकाळी मी त्यांची वाट बघितली. आज एक दिस त्यांनी माझी बघावी."

रस्त्यावर येईपर्यंत त्यांना धाप लागली. वेदिकाने रिक्षा थांबवली होती, पण ती आत बसायला तयार नव्हती. तिचा चेहरा रडवेला झाला होता.

"आजी, माझा ड्रेस घरी आहे. बूट पण. असं नाही खेळू देत."

कॅम्प तिथून किती लांब, आणि जाऊन येईतो सामना संपणार. सिंधुबाईंनी कपाळाला हात लावला. एवढा मोठा पराक्रम केला आणि साधी चड्डी विसरल्या! दहा पुढाऱ्यांना पुरून उरल्या असत्या, पण आता काय करायचं ते त्यांना सुचेना.

तेवढ्यात मागून कुणी तरी धावत आलं. तेजस्विनी. साडी एका हातात उचललेली, खांद्याला तिची बँकेत न्यायची मोठी पर्स. तिने रिक्षाच्या सीटवर पर्स उपडी केली. डब्याची पिशवी पडली, चष्म्याचं घर पडलं, आणि त्यांच्या खालून निळी जर्सी, चड्डी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले बूट बाहेर आले.

"तू आणलंस?" सिंधुबाई म्हणाल्या. "तू तर नको जाऊस म्हणत होतीस."

"म्हणत होते." तेजस्विनी आईकडे न बघता बुटांच्या नाड्या सोडत होती. "काल खांबाशी पाहिलं तिला. मग सकाळी टाकलं पर्समध्ये. तू उठली नसतीस तर तसंच परत नेलं असतं, आई. मला नसतं जमलं. चल, सरक आत."

तिघी एका रिक्षात बसल्या. वेदिकाने ओढणीच्या आडोशाने कपडे बदलले. रिक्षावाला भला माणूस, त्याने आरसा वर फिरवला आणि खणलेले रस्ते चुकवत गल्ल्यांतून रिक्षा काढली.

पहिला डाव संपला होता. हर्षालीच्या पोरी मागे होत्या. फाटकातून निळी जर्सी पळत येताना दिसली, तसा हर्षालीने पंचांकडे हात केला. नाव यादीत होतंच. दुसऱ्या डावात वेदिका मैदानात उतरली.

सिंधुबाई बाकड्यावर बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या खो-खोचा सामना बघत होत्या. ओळीत बसलेल्या पोरी, एक तोंड इकडे, एक तिकडे. खो, खो, खो. पाठीवर पडणारे पंजे. ओल्या मातीचा तो वास, जो त्यांनी वर्षानुवर्षं नवऱ्याच्या पँटींना साबण लावून घालवला होता. नंदुरबारची एक लांब पायांची पोरगी वेदिकाच्या मागे लागली, आणि वेदिका तिच्या हाताखालून अशी निसटली की सिंधुबाई बसल्या जागी अर्ध्या उठल्या. असं असतं होय हे! त्यांना सरांचा भयंकर राग आला. एवढं सुंदर काही तरी हा माणूस रोज बघत होता आणि एकदाही म्हणाला नाही, कालवण राहू दे, चल माझ्याबरोबर. आणि राग येता येता डोळे भरून आले. दहा दिवसांत त्या पहिल्यांदा खऱ्या रडल्या, कुणी गुण न सांगता.

तेजस्विनी आत आली नव्हती. ती दोरीबाहेर उभी होती, पर्स छातीशी धरून, बँकेत उशीर झाल्यासारखी.

वेदिका खांबाशी सापडली. लांब पायांची पोरगी दोन हातांवर आली. वेदिका तिच्या पायांकडे बघत होती आणि चुकत होती. आता ही बाद होणार, हे सिंधुबाईंनाही कळलं.

"पाय बघू नको!" दोरीपाशी कुणी तरी गरजलं. "खांदा बघ, वेदू! खांदा!"

सगळं मैदान वळलं. हर्षाली वळली. तिचं तोंड उघडंच राहिलं, कारण शब्द सरांचे होते, पट्टीही सरांचीच. तेजस्विनीची पर्स मातीत पडली होती. दोन्ही मुठी दोरीवर आवळून ती ओरडत होती, केस सुटलेले, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. पंचवीस वर्षं गिळलेला आवाज एकदम बाहेर आल्यावर तो थोडाच हळू येणार? वेदिकाने नजर वर उचलली. समोरचा खांदा डावीकडे वळला. वेदिका खांबाला हात घालून उजवीकडे सुटली आणि मोकळ्या मैदानात गेली.

"पळ!" तेजस्विनी ओरडली. दोरी ओलांडून ती कधी आत आली, ते तिलाही कळलं नाही. पंचांनी तिला मागे व्हायला सांगितलं. ती झाली नाही.

तेवढ्यात सिंधुबाईंच्या समोर कुणी तरी धापा टाकत येऊन उभं राहिलं. मनोज होता. मुंडण केलेलं डोकं उन्हात चमकत होतं, कपाळाला अजून गंध, पायात चप्पल नव्हती. घाटावरून तो तसाच पळत आला होता. आयुष्यात पहिल्यांदा तो उठला असेल, आणि तेही कुणी खो न देता.

"आई," तो म्हणाला, "तात्या लय चिडलेत. आणि आई, तो कावळा शेवटी..."

सिंधुबाईंनी त्याचा हात धरून त्याला बाकड्यावर खेचलं.

"खाली बस," त्या म्हणाल्या. "मला दिसत नाय."